वावड्याची परीक्षा

बारामतीत आठल्ये डॉक्टरांचा दवाखाना हा एकच असा होता, जिथं पेशंटला औषधाच्या आधी वांगं खावं लागे. मी तिथं कंपाउंडर होतो. औषधांच्या कपाटाशेजारी स्टोव्ह, त्यावर छोटी कढई आणि खालच्या फळीवर वांगी, अंडी, शेंगदाणे, सुकट. नवखा माणूस दारातून डोकावून "आज कालवण काय हाय?" असं विचारी.

कुणी म्हटलं, "मला अमुक सोसत न्हाय," की डॉक्टरांचे डोळे चमकत. एकोणीसशे पन्नासच्या पुढचा तो काळ. ॲलर्जी हा शब्द आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हता. लोक वावडं म्हणत. डॉक्टर ते वावडं नाकारत नसत आणि लगेच मानतही नसत. "ऐकीव नको, अंगावर दाखवा," एवढंच म्हणत. मग पेशंटसमोर खुर्ची टाकून, घड्याळ तळहातावर धरून बसत. पहिला घास नखाएवढा. मग वाट पाहायची. दुसरा बोटाच्या पेराएवढा. पुन्हा वाट. बाहेर बाकावरचे खोकणारे खोकत राहिले तरी चालेल. लग्नाच्या पंगतीतही हीच तऱ्हा. एकदा शेजारच्या पानावरचे व्याही "दही नको, बाधतं" म्हणाले. "किती वेळानं बाधतं?" डॉक्टरांनी विचारलं. बिचाऱ्या व्याह्यांचा भात गार होईपर्यंत जबानी चालली होती.

डाळजच्या रंगूबाईंनी सात वर्षं वांग्याला हात लावला नव्हता. "भरलं वांगं खाल्लं की व्हट सुजत्यात, अंगावर गांधी उठत्यात," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी नुसतं मीठ लावून वांगं परतून दिलं. घास, वाट, घास, वाट. अख्खं वांगं संपलं, काही झालं नाही.

"आज न्हाय उठलं, पर उठतं!" रंगूबाई हिरमुसल्या.

"वांगी भरता कशानं?"

"शेंगदाण्याच्या कुटानं की. येरवी कूट कुठलं आमच्यात?"

डॉक्टरांनी सुईच्या टोकावर राहील एवढं कूट त्यांच्या ओठाला लावलं. पाचव्या मिनिटाला ओठ टम्म फुगला. भरून ठेवलेलं इंजेक्शन त्यांनी लगेच दिलं. सूज उतरल्यावर बाईंचा पहिला प्रश्न, "म्हंजी त्या वांग्यावर उगा आळ घेतला व्हय?"

मी खो खो हसलो. डॉक्टरांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली.

हा सगळा विक्षिप्तपणाच, असं मला वाटे. वडगाव निंबाळकरची सगुणा येईपर्यंत.

विशीतली पोर, बाळंत होऊन महिना झालेला. सासूनं तिला सकाळीच बैलगाडीतून आणलं. न्यूमोनिया झाला होता, धाप लागलेली. गोळ्या लागू पडल्या नव्हत्या. राहिलं पेनिसिलिन. तेवढ्यात सासूनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. कुण्या डॉक्टरनं लिहिलं होतं, 'हिला पेनिसिलिन कधीही देऊ नये.' द्यावं तर औषधानं जायची, न द्यावं तर तापानं.

"काय झालं होतं तेव्हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुई दिली आन् पोरगी पडली."

"टोचल्यावर पडली, की सुई बघून?"

सासू गोंधळली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? डाक्टरनं सुई वर धरली तवाच डोळं फिरवलं तिनं. टोचली ती पडल्यावर."

"अंगावर गांधी? तोंडाला सूज? घशात घरघर?"

"न्हाय बा. पाणी मारल्यावर उठली, च्या मागितला."

दुसऱ्या कुणी एवढ्यावर चिठ्ठी फाडली असती. डॉक्टरांनी ती टेबलावर नीट ठेवली. सिरिंज उकळायला सांगितली. औषधात पाणी घालून घालून ते इतकं पातळ केलं, की मला वाटलं, आता उरलं ते नुसतं पाणीच. सगुणाच्या हातावर बारीक ओरखडा काढून त्यावर एक थेंब सोडला. उजव्या हातात घड्याळ. डाव्या हाताशी, वावडं उठलंच तर टोचायला, ॲड्रिनलिनची भरलेली सिरिंज. वीस मिनिटं ते तिच्या कातडीकडं बघत होते. काही नाही. मग कातडीखाली एक थेंब. मग थोडं जास्त. पुन्हा थोडं. डॉक्टरांनी जेवणाचा डबा उघडला नाही, बाहेरचे पेशंट मी परत पाठवले. मध्येच सगुणा घाबरून रडायला लागली. तेव्हा तिच्या बाळाचं नाव काय ठेवायचं यावर डॉक्टरांनी इतका वाद घातला, की ती रडायचं विसरली. उन्हं कलताना पूर्ण डोस गेला. पोरीच्या अंगावर एक फोडसुद्धा नव्हता. मी त्या माणसाकडं बघतच राहिलो.

चौथ्या दिवशी तिचा ताप उतरला. आठवडाभरानं ती आपल्या पायांनी गाडीत बसली. पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या संध्याकाळचं. सगुणाला झोप लागली होती, सासू उशाशी बसली होती. मी टोपी घालून निघालो.

"गणपतराव, घाई आहे का?" मागच्या खोलीतून डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, डॉक्टर."

"मग बसता जरा?"

मी आत गेलो. ते खाटेवर बसले होते. दोन्ही हात मांड्यांवर, आणि दोन्ही हात थरथर कापत होते. सहा वर्षं मी त्यांच्याकडं होतो. हा माणूस कशाला भीत नाही, असं मी गावभर सांगत असे.

"दर वेळी होतं असं?"

"दर वेळी. शेंगदाण्याच्या वेळीसुद्धा. पेशंट समोर असेपर्यंत होत नाही, हे नशीब."

"मग इतकी वर्षं... तुमच्याजवळ कोण बसायचं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता. "कोण बसणार?" ते म्हणाले.

मी टोपी काढून खुंटीला लावली आणि त्यांच्या शेजारी बसलो.