जोगळेकरकाकांच्या रायफलीचे निदान

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात, आमच्या गल्लीत पुरणपोळीची जाडी मायक्रोमीटरने मोजणारा एकच गृहस्थ राहतो. यंदा पाडव्याला मी पोळ्या घेऊन गेले, तेव्हा जोगळेकरकाकांनी एक पोळी पाच ठिकाणी मोजली, क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "टॉलरन्समध्ये आहे." माझ्या पीएचडीच्या परीक्षकांनीही मला इतके ताटकळत ठेवले नव्हते.

काकांनी आइंडहोवनमध्ये सूक्ष्म मोजमापाच्या विभागात तीस वर्षे काढली आणि निवृत्त होताच घर मोजायला घेतले. चहाचा रंग, सायकलच्या चाकातील हवा, शेजाऱ्याचे हसू, सगळे एकतर टॉलरन्समध्ये असते, नाहीतर रिजेक्ट. त्यामुळे एका शनिवारी दार उघडताच ते म्हणाले, "डॉक्टर, आत ये. आमची रायफल रिजेक्ट झाली," तेव्हा मला हसू येणार होते; पण त्यांचा चेहरा पाहून मी ते आवरले.

रायफल त्यांच्या पत्नीची, अनेलीसची. लष्कराने मोडीत काढलेली ती जुनी रायफल तिच्या वडिलांनी शिकारीसाठी घेतली होती. अनेलीस ती घेऊन हरणांच्या मागे जाई आणि काका थर्मास घेऊन अनेलीसच्या मागे. तीन वर्षांपूर्वी अनेलीस वारली. परवान्याशिवाय रायफल घरात ठेवता येईना, म्हणून वरणभातावर वाढलेल्या या माणसाने चौसष्टाव्या वर्षी डच भाषेत शिकारीची परीक्षा दिली, उसन्या रायफलीने नेमबाजीत काठावर पास झाला आणि अनेलीसची रायफल बंदुकांच्या दुकानदाराच्या तिजोरीतून सोडवून आणली. अनेलीसच्या शिकारी गटाने तिची जागा काकांसाठी राखून ठेवली होती.

अट एकच होती. शंभर मीटरवरून झाडलेल्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. जखमी हरीण कुणालाच नको होते. काकांच्या गोळ्या परातीएवढ्या जागेत विखुरल्या. गटातील सर्वोत्तम नेमबाजाने तीच रायफल चालवून पाहिली. परातच!

"नळी बदलून टाका," मी म्हणाले. "साधा निर्णय आहे."

"आणि जुनी?"

"भंगारात."

"मग तिचं उरलं काय? लाकूड आणि चाप?"

"तर मग नवी रायफल घ्या."

"वा! अनेलीसच्या जागी मी, तिच्या रायफलीच्या जागी तिसरीच कुणीतरी. मग तिच्या बाजूचं गेलं कोण त्या रानात?"

मी सात निकषांचा तक्ता मांडला. काकांनी त्यातील बेरजेची चूक काढली, तरीही नवी नळीच जिंकली. तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "मोजल्याशिवाय टाकायचं नाही."

हे मात्र मला शास्त्रज्ञ म्हणून मान्य करावे लागले. पुढच्या शनिवारी मी पेन्सिलीहून बारीक कॅमेरा घेऊन हजर झाले. रिकामी रायफल स्वयंपाकघरातील टेबलावर आडवी ठेवली आणि कॅमेरा मागच्या बाजूने आत सरकवला. गोळ्यांनी नळी झिजते ती आधी तिथे, जिथे काडतूस पेटते. पण गोळीला फिरकी देणाऱ्या तिथल्या वळसेदार खाचा धारदार होत्या! आम्ही सेंटिमीटर-सेंटिमीटर पुढे सरकलो. काका श्वास रोखून आकडे लिहीत होते. सगळे उत्तम, उत्तम, उत्तम. आणि अगदी शेवटी, गोळी बाहेर पडते त्या तोंडापाशी, खाचा एका बाजूने पुसून गेलेल्या.

"काका! फक्त तोंड झिजलंय! दोन सेंटिमीटर कापून तोंड नव्याने घडवलं की झालं. नळी तीच!"

"तीच?"

"तीच!"

काकांनी मला टाळी दिली आणि मायक्रोमीटर चक्क साखरेच्या डब्यात ठेवला.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या डच कारागिराने आमचे निदान दहा मिनिटांत मान्य केले. मग चष्म्यावरून पाहत त्याने विचारले, "पोलादी गज तोंडाकडून घालून ही साफ कोण करतं? त्यानंच झिजलीय."

"मी," काका म्हणाले. "सासऱ्यांनी शिकवलं तसं. दर रविवारी."

"पण काका, अनेलीस गेल्यापासून महिन्याभरापूर्वीपर्यंत ती झाडलीच नव्हती ना?"

"म्हणून काय झालं? अनेलीस कॉफी घेऊन समोर बसायची. एरवी मोजकं बोलणारी बाई, पण मी गज चालवायला लागलो की सगळं सांगायची. सवय आहे."

जगातील प्रत्येक वस्तू मोजणाऱ्या माणसाने तेवढी एक सवय मोजली नव्हती.

"यापुढे मागच्या बाजूनं साफ करायची," कारागीर म्हणाला, "आणि झाडली असेल तरच."

काकांनी ते वहीत नीट टिपून घेतले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

"नळी वाचली, डॉक्टर," ते म्हणाले. "पण रविवारी सकाळी मी करू काय गं?"

मी पट्टा लावला. "शनिवारी रेंजवर जाऊन पाच गोळ्या झाडायच्या. मग रविवारी साफ करावीच लागेल. मी येते बघायला."

काकांनी गाडी सुरू केली.

"कॉफीत दूध घेतेस का?" त्यांनी विचारले.