नाक उघडल्याचे दुष्परिणाम

सॉसच्या कारखान्यात वासवाल्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही बाटली दाराबाहेर पडत नसे. वासवाले म्हणजे माल हुंगून पास करणारे गृहस्थ. पगार बरा, मान मोठा. अडचण एवढीच, की कित्येक वर्षांपासून त्यांच्या नाकाला काडीचाही वास येत नव्हता.

हे गुपित त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाटली नाकाखाली धरायची, डोळे मिटायचे, मनातल्या मनात पाढा म्हणायचा आणि "फर्स्टक्लास!" म्हणायचं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत, पण त्या दुसऱ्या खात्यात जात. तरी एखाद्या दिवशी कुणी थट्टेनं फिनेल पुढे धरेल आणि आपण तेही पास करू, या धास्तीनं शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाई गाठल्या.

"सायनसमध्ये बुरशी धरलीये तुमच्या."

"बुरशी? अहो, बुरशी धरू नये म्हणून आम्ही सॉसमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह टाकतो!"

"तेच पातळ करून नाक धुवायला द्यायचा आमचा प्रयोग चाललाय. घालू तुमचं नाव?"

"म्हणजे मी बाटलीच झालो की."

"बरणी म्हणा. तोंड मोठं आहे."

काही आठवड्यांनी, ऐन जेवणाच्या ताटावर, नाक उघडलं.

"अगं, भाजी करपलीये!"

"रोजच्यासारखीच तर आहे," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून बोटं चाटताय की!"

आणि तिनं पुढ्यातलं ताटच उचलून नेलं. पण खरा घोटाळा कारखान्यात झाला. पहिली बाटली उघडताच वासवाल्यांनी दचकून ती हातभर लांब धरली. नोकरीखातर त्यांनी चेहरा सरळ ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला, पण "फर्स्टक्ला..." पर्यंत येऊन ते खिडकीकडे धावले. दुसरी बाटली तशीच. तिसरीला तर डोळ्यांतून धारा लागल्या. दारात भरायला आलेले ट्रक ताटकळले आणि मालक धावत आले.

"काय झालं हो?"

"साहेब, याला ओल्या मोज्यांचा वास येतोय."

"मग? आपला वास आहे तो! तुम्हीच पास केलाय इतकी वर्षं. नाकाला काय झालंय तुमच्या?"

"बरं झालंय, साहेब."

मालक मटकन खुर्चीत बसले. "आणि मला सांगितलं नाहीत? चला डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता. नाक पूर्ववत झालं तर नोकरी, नाहीतर रामराम."

वासवाल्यांना पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा फुलला. "या, या! प्रयोगातले पहिले ठणठणीत पेशंट तुम्ही!"

"बाई, मला परत आजारी करा."

"तशी सोय नाही हो आमच्याकडे. आणि प्रिझर्व्हेटिव्हनं आलेला गुण आहे, टिकेल चांगला."

वासवाले पडेल चेहऱ्यानं बाहेर आले. मालकांनी आशेनं खिशातली बाटली काढून त्यांच्या नाकाखाली धरली. वासवाले भिंतीकडे तोंड करून ओकारी आवरत राहिले.

"बरे झालात तर," मालक म्हणाले. "ऐकून वाईट वाटलं."

बूच लावायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात शेजारी नंबर लावून बसलेल्या आजींकडे त्यांचं लक्ष गेलं. उघड्या बाटलीशेजारी त्या निवांत बिस्कीट खात होत्या.

"आजी, वास येतोय?"

"कशाचा रे, बाळा?"

मालकांनी आजींपुढे हात जोडले. "आजी, आत जाऊ नका. उद्या सकाळी कारखान्यात या."