न वाचलेल्या कादंबरीवर चार शब्द

पोहता येत नसताना माणसानं एक वेळ विहिरीत उडी मारावी, पण चारचौघांत ‘मी वाचतो’ असं म्हणू नये. विहिरीत पडलेल्याला लोक निदान दोर तरी टाकतात.

मी ‘मी वाचतो’ असं म्हणालो ते आमच्या वाचनालयाच्या काउंटरपाशी. बायकोच्या पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला गेलो होतो. (आमच्या घरात वाचनाचं काम वाटून घेतलेलं आहे. ती वाचते, मी ने-आण करतो.) ग्रंथपालबाईंनी शिक्का मारता मारता सांगितलं, “रविवारी सकाळी वाचकांचा मेळावा ठेवलाय. ज्यानं त्यानं आपल्या आवडत्या पुस्तकाबद्दल, लेखकाबद्दल बोलायचं. तुमच्या मिसेस येणारच आहेत. तुम्हीही बोला की.”

मी ‘छे छे’ म्हणणारच होतो. पण शेजारी दातांचे डॉक्टर उभे होते. हे गृहस्थ पेशंटच्या तोंडात हत्यार घालून साहित्यावर बोलतात, म्हणजे समोरच्याला वाद घालता येत नाही. ते हसले आणि म्हणाले, “त्यांना कशाला संकटात टाकता? ते फक्त हमाली करतात.”

झालं! माझा स्वाभिमान वर्षभर झोपलेला असतो आणि नेमका नको तेव्हा उठतो.

“बोलणार आहे मी,” मी म्हणालो. “मी वाचतो. भरपूर वाचतो.”

“वा! कशावर बोलणार?”

हातात जे होतं तेच मी उंच धरलं. “ही कादंबरी.”

ती होती ‘दिव्याखालची खोली’. उशीसारखी जाड, खाकी कव्हर घातलेली. ग्रंथपालबाई खूश झाल्या. “अगदी नवीन आलीय. तुमच्या मिसेसशिवाय अजून कुणाच्या हाती लागलेली नाही. आता तुमच्यामुळे आम्हाला कळेल.”

घरी आल्यावर बायकोनं आधी कादंबरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बोला की. मी दुसऱ्या पुस्तकावर बोलेन. पण आधी वाचा तरी.”

प्रयत्न केला हो! रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की कादंबरी घेऊन बसायचो. पहिल्या पानावर समुद्र होता. तो इतका संथ होता की त्याच्या लाटांबरोबर माझे डोळे मिटायचे आणि कादंबरी तोंडावर पडायची. (नाकावर अजून खूण आहे.) आठवडा संपला तरी मी किनाऱ्यावरच.

रविवारी सकाळी दाढीचा साबण तोंडाला लावता लावता मी बाथरूममधून हाक मारली, “अगं, जरा ती गोष्ट सांग ना थोडक्यात!”

“आता?” बाहेर ती कपड्यांना इस्त्री करत होती.

“हो. दारातूनच सांग. मला ऐकू येतंय.”

आणि खरंच ती सांगायला लागली. स्वभावानं भली आहे. समुद्राकाठी एक दीपगृह. तिथल्या रखवालदाराची मुलगी. बापाची नजर अधू होत चाललीय. ते वरिष्ठांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणून दिवा पोरगीच सांभाळते. मी नळाची धार बारीक करून एकेक शब्द टिपत होतो. तेवढ्यात फोन वाजल्याचा आवाज आला असावा. असावा म्हणतो, कारण मी त्या वेळी नाकाखालचा अवघड भाग करत होतो आणि नळही वाहत होता.

“...आणि मग वादळ येतं,” बाहेरून आवाज आला. “काय सांगतेस! टेबलावर चढली?”

मी वस्तरा थांबवला. कादंबरीत आता कुठे जीव आला होता.

“म्हातारी? गुडघे दुखतात म्हणून खुर्चीतून हलत नाही ना ती? पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं, आणि घरात कुणी नाही असं बघून टेबलावर चढून वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला?”

बायको कथा अशी रंगवून सांगते की ऐकत राहावं. पुढे तर बहारच होती. बिस्किटं संपली की म्हातारी आळ घालायची मुलावर. मुलगा बिचारा डाएटवर. त्याची बायको त्याच्यावर चिडलेली. शिवाय म्हातारी कानाचं यंत्र सुनेनं काम सांगितलं की काढून ठेवायची आणि सून फोनवर बोलायला लागली की हळूच घालायची. मी हसता हसता हनुवटीवर कापून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा बायको इस्त्री बंद करत होती. “कळलं ना सगळं? शेवटी दिवा विझतो आणि ती हातात कंदील घेऊन उभी राहते.”

“सगळं कळलं,” मी म्हणालो. “काय लेखिका आहे!”

वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत काठी टेकून आक्का बसल्या होत्या. आक्का म्हणजे माझ्या मेव्हणीच्या सासूबाई. शेजारी मेव्हणी होती, ती माझ्याकडे बघून कौतुकानं हसली. (तिच्या तोंडावरचं हे माझ्यासाठीचं शेवटचं हसू.) दातांचे डॉक्टर एका प्रवासवर्णनावर इतकं लांब बोलले की प्रवास परवडला असता. मग माझं नाव पुकारलं.

दीपगृह, अधू नजरेचा बाप, दिवा सांभाळणारी मुलगी, सगळं सुरळीत झालं. लोक शांत होते. जरा जास्तच शांत होते. डॉक्टरांनी जांभई दिली. म्हटलं, आता हुकमाचं पान टाकू या.

“पण मित्रहो,” मी म्हणालो, “या कादंबरीचा प्राण आहे ती म्हातारी!”

कोपऱ्यात बसलेल्या बायकोनं मान वर केली.

“ही म्हातारी दीपगृहातच राहते. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीतून उठत नाही. पण घर रिकामं झालं रे झालं, की चढली टेबलावर! कशासाठी? बिस्किटांच्या डब्यासाठी!”

हॉल हसला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर हॉल हसला होता. ऑफिसात मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रारींच्या खिडकीवर बसतो. तिथे माझ्या बोलण्यावर लोक फक्त ओरडतात. मला चेव आला. बायको गळ्यावरून आडवा हात फिरवत होती. घसा कोरडा पडला असेल, पाणी प्या, असं ती सुचवतेय हे मी ओळखलं. पाणी प्यायलो. मग ती दोन्ही तळवे खाली दाबायला लागली. म्हणजे सावकाश, घाई करू नका. म्हणून मी कानाच्या यंत्राचा प्रसंग सावकाश, अभिनयासह करून दाखवला. सून बोलायला लागली की म्हातारी कशी इकडेतिकडे बघते आणि यंत्र कानात कसं सारते, हे करताना मी सहज आक्कांकडे पाहिलं.

आक्कांचा हात कानापाशी होता. कानात यंत्र होतं.

मेव्हणी पर्समध्ये तोंड घालून बसली होती. बायकोनं डोळे मिटले होते. आणि माझ्या डोक्यात, नळ सोडल्यावर आधी नुसती हवा येते आणि मग एकदम पाणी येतं, तसा उजेड पडला. दीपगृहात टेबल नव्हतं. बिस्किटं नव्हती. फोन होता. फोनवर मेव्हणी होती. त्या दोघी बहिणी आपसात जिला ‘म्हातारी’ म्हणतात ती माझ्यासमोर काठी घेऊन बसली होती.

माझं जे व्हायचं ते होवो, पण मेव्हणीला आज आक्कांबरोबर त्याच घरी परत जायचं होतं.

“तर... अशी ही... कादंबरी,” मी म्हणालो आणि खाली बसायला लागलो.

“थांबा,” आक्का म्हणाल्या. काठीचा एक ठोका पडला. “ही कादंबरी मीही वाचलीय.”

ग्रंथपालबाई गोंधळल्या. “पण आक्का, एकच प्रत आहे...”

“मला घरबसल्या ऐकायला मिळते. रोज एक प्रकरण.” आक्का सावकाश उठल्या. गुडघे अजिबात दुखत नसावेत. “म्हातारीचं काम चांगलं आहे, पण यांनी महत्त्वाचं पात्र गाळलं. त्या सुनेला एक मोठी बहीण आहे. त्या बहिणीचा नवरा. तो नाही सांगितलात?”

“तो... तसा... छोटा रोल आहे,” मी म्हणालो.

“छोटा कसला! हा माणूस पाणी खात्यात नोकरीला. लोकांच्या गळक्या नळांच्या तक्रारी लिहून घेतो. एकदा रजा घेऊन घरी बसला आणि स्वयंपाकघरातला गळका नळ स्वतःच खोलून दुरुस्त करायला गेला. मुख्य कॉक बंद केला नाही. कारंजं उडालं थेट छतापर्यंत! मग त्यानं काय करावं? तक्रार नोंदवायला ऑफिसात फोन लावला. फोन वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. हा घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून खात्याला शिव्या देतोय, ‘खिडकीवर बसलेला माणूस झोपलाय का?’ शेवटी बायकोनं सांगितलं, अहो, त्या खिडकीवर तुम्हीच बसता!”

हॉल कोसळला. मागच्या रांगेतले एक आजोबा खुर्चीवरून घसरले. दातांचे डॉक्टर इतके हसले की मला त्यांची अक्कलदाढ दिसली. डोळे पुसत त्यांनी मलाच विचारलं, “काय हो, जगात इतका बावळट माणूस असू शकतो?”

“असू शकतो,” मी म्हणालो. “म्हणजे... लेखिकेनं अगदी जवळून बघितला असावा.”

“पुढे हाच माणूस,” आक्का रंगात आल्या, “लोकांत फुशारकी मारतो की मी वाचतो. आणि घरी पुस्तक तोंडावर घेऊन घोरतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रंथपालबाईंनी आभार मानताना सांगितलं की आजच्या मेळाव्यातलं सर्वांत आवडलं ते बहिणीच्या नवऱ्याचं पात्र. कादंबरीसाठी नंबर लावायला काउंटरपाशी झुंबड उडाली.

दारात आम्ही चौघं समोरासमोर आलो. मेव्हणीचे डोळे भरले होते. “आक्का, मी... मी ताईशी सहज...”

“चल गं,” आक्का म्हणाल्या. “घरी गेल्यावर तो डबा तेवढा खालच्या फळीवर ठेव. टेबलावर चढताना जीव जातो माझा.” मेव्हणी रडता रडता हसली आणि आक्कांनी तिचा हात धरला. दोघी तशाच रस्त्याला लागल्या. काठी आक्कांनी काखेत मारली होती.

आम्ही दोघं घरी निघालो. मला वाटलं, आता काय ते बोलून टाकलेलं बरं. पण भलताच प्रश्न तोंडातून निघाला.

“अगं, आता एवढे लोक ती कादंबरी नेणार. त्या खऱ्या कादंबरीत एखादा तरी नवरा आहे का, असा... माझ्यासारखा?”

“नाही हो,” बायको म्हणाली. “फार समंजस लेखिका आहे. विश्वास बसणार नाही असं ती काही लिहीत नाही.”