सहा डोकी, बारा खडे

खालच्या खिडकीच्या गजावर चमचा वाजला आणि वेदिकाला निजवून मोठ्या मुश्किलीने मिळवलेली शांतता तिथेच संपली. पूजाने गॅलरीतून वाकून पाहिलं. तळमजल्यावरच्या मेहरुन्निसाभाभी समाधानाने वर बघत होत्या.

"पूजा, मासे मस्त निघाले गं. आत्ताच जेवलो. म्हटलं, आधी तुला सांगावं."

ते मासे नव्हते, तो तिचा अभ्यास होता.

वेदिका झाल्यावर तीन वर्षं सुटलेलं संशोधन कॉलेजच्या मॅडमनी तिला पुन्हा दिलं होतं, तेही घरी बसून. बर्फात घालून ढोमा माशाची सहा डोकी किनाऱ्यावरून नाशिकला आली होती. प्रत्येक डोक्यात कानाशी दोन पांढरे खडे असतात. खड्याला झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, आणि अगदी आतल्या गाभ्यात मासा कुठल्या पाण्यात जन्मला त्याची खूण. डहाणूला सापडलेले ढोमे आणि रत्नागिरीला सापडलेले ढोमे एकाच खाडीतले का, एवढाच तिचा प्रश्न होता. बारा खडे आज पाचच्या कुरियरने गेले नाहीत, तर तपासणीची पाळी थेट पुढच्या वर्षी.

घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची सोय नव्हती. सासूबाई, वत्सलाबाई, माळकरी. त्यांच्या फ्रीजमध्ये अंड्यालासुद्धा जागा नव्हती. म्हणून सोमवारी शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत असताना पूजाने पिशवी भाभींच्या हातात कोंबली आणि ती पळाली. पण या बिल्डिंगमध्ये हातात कोंबलेली पिशवी म्हणजे भेट. देवळ्याचे कांदे तसेच येत, पिंपळगावची द्राक्षंही तशीच. कोणी काही विचारत नसे.

पूजा चप्पल न घालताच खाली धावली.

"भाभी, दोन पुड्या होत्या. लाल दोऱ्याची आणि हिरव्या."

"लाल आम्ही केली. हिरवी मागच्या खोलीतल्या शकुबाईला दिली. दोन वाटे तूच बांधले होतेस ना?"

"आणि काटे कुठे आहेत?"

"काट्यांचं काय घेऊन बसलीस? खडे निघाले त्यात. आमचे निसारमियाँ म्हणाले, तू मासे नीट धुतले नाहीस. जेवण होईपर्यंत भांडलो आम्ही."

भाभींनी कागद उलगडला. पूजाने मोजले. सहा. लाल दोरा, डहाणू. तिला भाभींच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

भाभींनी हाक मारल्यावर शकुबाई मागच्या खोलीतून पातेलंच घेऊन आली. "म्या तर आत्ताच रस्सा उतरवला, ताई. एक घास बी नाय घेतला. न्या समदं."

पूजाने मॅडमना फोन लावला. शिजले तरी चालतील, गाभा वाचायचाय, त्या म्हणाल्या. फक्त पिवळे का झालेत ते अर्जात लिही.

साडेचार वाजले. पूजाला कच्च्या डोक्याची सवय होती. हे गरम, रश्शाने निसरडं. चिमटा एकीकडे जाई, डोकं दुसरीकडे. एवढ्यात दारात वत्सलाबाई उभ्या राहिल्या, कडेवर झोपमोड झालेली वेदिका.

वास लपवता येण्यासारखा नव्हता.

"आई, हे कॉलेजचं काम आहे," पूजा पुटपुटली. "पाचला कुरियर आहे."

वत्सलाबाईंनी वेदिकाला खाली ठेवलं, पदर खोचला आणि पातेल्यासमोर बसल्या. "सरक. असं टोचत बसलीस तर उद्या निघतील."

त्यांनी डोकं उचललं, अंगठा डोळ्याच्या मागे नेमका दाबला आणि दोन खडे अलगद ताटलीत पडले. दुसरं डोकं. तिसरं. सहा खडे निघायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"अम्मा, तुम्हाला कसं येतं हे?" भाभींनी विचारलं.

"माझं माहेर गिरणेच्या काठचं," वत्सलाबाई म्हणाल्या. "दादा रोज जाळं टाकायचे. मी लग्न होऊन इकडे आले आणि माळ घातली. चाळीस वर्षं झाली." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला सांगायचं. फ्रीजचा खालचा कप्पा रिकामाच असतो."

पूजाने बाराही खडे धुतले, दोन डब्यांत घातले, एकाला लाल दोरा बांधला, दुसऱ्याला हिरवा. कुरियरवाल्याला पाच मिनिटं थांबवायला शकुबाई फाटकाशी गेली, भाभी साबण आणायला उठल्या.

वेदिका मात्र आजीकडेच बघत होती. तिने आईचा कुर्ता ओढला.

"आई, आजीने बोट का चाटलं?"