फर्दापूरची शिट्टी

मंदार सेलूकरच्या ऑफिसात शिरलं की समोरच पाटी दिसायची : 'येथे राजकारणावर बोलू नये.' ऑफिस म्हणजे क्रांती चौकातल्या एका झेरॉक्सवाल्याच्या मागची खोली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतभर हिमालय. पण पाटी मात्र पितळी होती! कंपनीचं नाव 'पाऊलवाट युवा सहली'. वयोगट अठरा ते तीस. त्यापुढच्यांनी घरी बसून फोटो बघावेत, असं तो हसत हसत सांगायचा.

"सरकारं येतात, सरकारं जातात," तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "पोरांना भटकायचं असतं ती भटकतातच. राजकारणाचा आपल्या धंद्याशी काही संबंध नाही!"

हे वाक्य त्यानं वडिलांना इतक्यांदा ऐकवलं होतं की श्रीधरपंत त्या वेळी वर्तमानपत्राचं पान उलटायचे. श्रीधरपंत ट्रेझरी ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासली, आता एकुलत्या एक मुलाला तपासत होते. बिडकीनच्या एका कारखान्यात त्यांचे जुने स्नेही मोठ्या जागेवर होते आणि सोमवारी सकाळी दहाला मंदारची मुलाखत त्यांनी परस्पर ठरवून टाकली होती.

"बाबा, या शुक्रवारी माझी सहल जातेय. बारा जण. मोबाईलमुक्त तीन दिवस! फोन माझ्याकडे जमा, कुठं चाललोय ते शेवटपर्यंत गुप्त. असली सहल मराठवाड्यात कुणी काढलेली नाही."

"काढलेली नाही, कारण कुणी जाणार नाही," श्रीधरपंत म्हणाले. मग त्यांनी फोनवर कंपनीचं पान उघडलं. तिथं आजवर दोनच अभिप्राय होते. एक खुद्द मंदारचा आणि दुसरा त्याच्या मावशीचा. मावशीनं चुकून तीनच तारे दिले होते. "असं करू. रविवारी संध्याकाळी आठपर्यंत बारापैकी दहा जणांचे पाच-पाच तारे इथं दिसले, तर मी बिडकीनचं नाव काढणार नाही. नाही दिसले, तर सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा."

"ठरलं!" मंदार म्हणाला. त्याला ही नोकरी नको होती. अगदी मनापासून नको होती. कॉलेजात असताना एकदा तो वेरुळपासून म्हैसमाळपर्यंत चालत गेला होता आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही करावंसं वाटलंच नव्हतं.

गुरुवारी कडूबाचा फोन आला. कडूबा म्हणजे मिनीबसवाला. गाडी त्याची, चालवायचाही तोच.

"मंदारभाऊ, उद्याला गाडी नाय जमत."

"काय? अहो कडूबाभाऊ, महिन्यापूर्वी सांगितलंय तुम्हाला!"

"व्हय, पर तवा सत्ता कुठं बदलली होती? आमच्या पंचायत समितीत समदं उलटंपालटं झालंय. सोमवारी सभापतीची निवड. बद्रीनाथअण्णाचे सहा मेंबर सहलीला न्यायचेत. दुसऱ्या पार्टीनं फोडू नये म्हणून. जिल्ह्यातल्या समद्या गाड्या ह्याच कामाला लागल्यात भाऊ, रिसॉर्ट तर एक बी रिकामं नाय!"

मंदारनं सात ठिकाणी फोन केले. सातही ठिकाणी मेंबरच! कुठं नगरपालिकेचे, कुठं बाजार समितीचे. गाडीवाले इतक्या गंभीरपणे "सहल" म्हणत होते की हा शब्द आपलाच आहे याची त्याला शंका यायला लागली. संध्याकाळी पुन्हा कडूबाचा फोन.

"भाऊ, म्या अण्णाशी बोललो. तुमच्या पोरांचे बी फोन जमा, मेंबरांचे बी जमा. तुमी बी ठिकाण सांगत नाय, अण्णा बी सांगत नाय. मग एकाच गाडीत न्या की! अण्णा तर लई खूष झाले. म्हणले, पोरांच्या सहलीत आमचे मेंबर कोण हुडकणार?"

मंदारनं पाटीकडं पाहिलं. मग पाठ फिरवली आणि हो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी बारा पोरं गाडीत गिटारसकट चढली आणि मागून सहा मेंबर. त्यात राजकुमार आणि पुंजाराम हे दोघं. सभापतिपद दोघांनाही पाहिजे होतं, त्यामुळे दोघं एकाच पक्षाचे असूनही गाडीच्या दोन टोकांना बसले. शेवटी सारजाबाई चढल्या. वय साठीच्या पुढं, नऊवारी, खांद्याला पिशवी. त्या थेट खिडकीशी, श्रेया नावाच्या इंजिनिअरिंगच्या मुलीशेजारी जाऊन बसल्या. गाडीच्या मागं बद्रीनाथअण्णांची जीप.

"फोन गेल्यावर कसंतरी होतं का हो आजी?" श्रेयानं विचारलं. तिला स्वतःला फारच कसंतरी होत होतं.

"मला काय व्हायचंय? तिसऱ्या डावाला निवडून आले मी. दर डावाला फोन घेत्यात. महाबळेश्वर दोन डाव झालं माझं, पर खोलीच्या बाहीर काय हाय ते बघितलं नाय अजून."

फर्दापूरच्या अलीकडं शेतात तंबू ठोकलेले होते. दुपारी जेवणं झाली आणि मंदारनं आपला हुकमी खेळ काढला. दर सहलीला तो हा खेळ घ्यायचा. त्यातून म्हणे पोरांमध्ये एकोपा वाढतो.

"आता आपण सहलीचा कॅप्टन निवडायचा! कॅप्टनला ही शिट्टी मिळेल. कधी उठायचं, कुठं जायचं, कॅप्टन ठरवणार. उद्या सकाळी नाश्त्याला हात वर करून मतदान. उभं कोण राहतंय?"

श्रेया उठली. सत्यम नावाचा एक उंच मुलगा उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंदारच्या लक्षात आलं नाही, पण मागच्या सतरंजीवर पेंगणारे सहाच्या सहा मेंबर 'मतदान' हा शब्द ऐकून ताठ बसले होते.

अर्ध्या तासात राजकुमार सत्यमच्या तंबूत होता. "किती हात हायत आपल्याकडं? पक्के किती? कुंपणावरचे किती?" सत्यमनं असा विचारच केला नव्हता. तिकडं पुंजाराम श्रेयाला म्हणत होता, "ताई, तो राजकुमार पलीकडं गेला म्हणल्यावर आपल्याला गप बसून चालायचं नाय." संध्याकाळच्या चहापर्यंत बारा पोरांचे दोन गट झाले, गिटार एकाकडं आणि ढोलकी दुसऱ्याकडं गेली, आणि कॅरमबोर्डावर कुणी कुणाशी बोलेना.

शनिवारी सकाळी पोह्यांच्या बारा ताटल्या लावल्या. सहाच भरल्या! सत्यम आणि त्याचे पाच जण तंबूत नाहीत, नळावर नाहीत, कुठंच नाहीत. मंदारनं कपाळावर हात मारला. लोकांची मुलं, आणि फोन सगळे आपल्याकडं!

"घाबरू नका," राजकुमार शांतपणे दात घासत म्हणाला. "सुखरूप हायत. पलीकडच्या ढाब्यामागच्या लॉजवर ठिवलेत. मतदानापुरते आणू."

"ठेवलेत? का?"

"फुटायला नको म्हणून!"

"अहो, ही पिकनिक आहे!"

"आमची बी पिकनिकच हाय की," राजकुमार म्हणाला.

मंदार श्रेयाच्या गटाकडं धावला, तर तंबूच्या दाराशी पुंजाराम खुर्ची टाकून बसलेला. "आत सहा हायत. मोजून घ्या. बाहीर मात्र सोडणार नाय." आतून श्रेया ओरडली, "मंदारदादा, आम्ही मजेत आहोत! फक्त बाथरूमला जाताना काका बरोबर येतात!"

मंदार पोह्यांच्या पातेल्याशेजारी मटकन बसला. दहा जणांचे पाच तारे! इथं सहा जणांचा पत्ता नव्हता आणि सहा जण पहाऱ्यात होते. डोळ्यांपुढं इस्त्रीचा शर्ट लोंबायला लागला. तेवढ्यात सारजाबाई आल्या, त्याच्या हातातली शिट्टी त्यांनी काढून घेतली आणि पातेल्यावरचं झाकण उघडलं.

"त्या लॉजवर नाश्ता भेटतो का?"

"नाही बहुतेक."

"मग बस निवांत. लेकरं हुशार हायत, पर उपाशी हायत. वारा तिकडंच हाय." आणि त्यांनी अशी काही शिट्टी फुंकली की शेजारच्या शेतातला बैल खुंट्याभोवती फिरला.

दहा मिनिटांत सत्यम आणि त्याचे पाच जण रांगेनं आले. राजकुमारनं त्यांना अडवून पाहिलं, पण फोडणीपुढं त्याचं काही चाललं नाही. पोहे झाले आणि मतदान घेतलं. सहा हात श्रेयाला, सहा सत्यमला! पुन्हा घेतलं. पुन्हा सहा-सहा!

"आता कसं?" सत्यम म्हणाला.

"आता दोघं बी माघार घ्या," सारजाबाई म्हणाल्या. "तुझा झाला तर ही रुसंल, हिचा झाला तर तू रुसशील. आज-उद्याचाच सवाल हाय. तवर शिट्टी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला ना ह्या गटाचं घेणं, ना त्या गटाचं."

बाराच्या बारा हात वर गेले. मेंबरांनीही टाळ्या वाजवल्या. राजकुमारनं वाजवल्या, पुंजारामनं वाजवल्या. जीपमधून उतरून बद्रीनाथअण्णांनीसुद्धा कौतुकानं मान हलवली. सारजाबाईंनी मात्र कोण किती जोरात वाजवतंय ते नीट बघून घेतलं.

आणि मग सहल अशी झाली की विचारू नका! रविवारी पहाटे साडेपाचला शिट्टी. फर्दापूर फाट्यावरून लेण्यांची पहिली बस. सारजाबाई सगळ्या पायऱ्या चढल्या. आत पहारेकऱ्यानं शिट्टीवरून हटकलं तेव्हा ती पदराला बांधून ठेवली आणि बोटाच्या इशाऱ्यावर अठरा माणसं हलवली. एका चित्रापुढं त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "सात कोसांवर माझं माहेर," त्या श्रेयाला म्हणाल्या, "आन् मी हे आज बघते हाय. मला कुणी आणलंच नाय गं." मंदारनं ते ऐकलं. अठरा ते तीस ही अट आपण कशासाठी घातली, हे त्याला आठवेना.

त्याच दुपारी पोरं परत निघाली. मेंबरांचा मुक्काम मात्र सोमवार सकाळपर्यंत तंबूतच होता, निवड अकराला होती. गाडीत फोन वाटताना मंदार हवेत होता. त्यानं आपल्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो पोरांना पाठवले आणि जाहीर केलं, "अभिप्राय टाका! फोटोसकट टाका! ठिकाणासकट टाका!"

क्रांती चौक यायच्या आत बाराच्या बारा अभिप्राय पडले. साठ तारे! 'सारजाआजींमुळे आयुष्यातली बेस्ट ट्रिप.' 'आमच्या कॅप्टन, फर्दापूर कॅम्प, आत्ताही तिथंच आहेत!' प्रत्येकाखाली सारजाबाईंचा फोटो, मागं राजकुमार, पुंजाराम आणि तंबूवरचा नंबर.

सव्वासातला मंदारनं ऑफिस उघडलं. त्याला ते पान वडिलांना ऑफिसातच, पाटीखाली बसवून दाखवायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"काय केलंत हो!" बद्रीनाथअण्णा ओरडले. "त्या पार्टीच्या पोरांनी तुमचं पान बघितलं. दोन गाड्या निघाल्यात फर्दापूरकडं! काढा ते समदं! आम्ही मेंबर हलवतो, पर फोटो राहिले तर उद्या मी संपलो!"

"अण्णा, आठपर्यंत थांबा. फक्त आठपर्यंत! मग काढतो."

फोनवर सारजाबाई आल्या. "मंदार, लेकरा. लई धाक हाय इथं. बाई हाय का बाप्या ते बघत नायत, उचलून नेत्यात. काढ बाबा."

मंदारनं घड्याळ पाहिलं, पान पाहिलं, साठ तारे पुन्हा एकदा मोजले. मग त्यानं पोरांना फोन लावायला सुरुवात केली. पण तीन दिवसांनी हाती आलेला फोन कोण ठेवतंय? बाराही जण बिझी! शेवटी सारजाबाईंनीच अण्णांच्या फोनवरून आवाज पाठवला आणि मंदारनं तो पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आधी शिट्टी, मग एक वाक्य : "कॅप्टन बोलते, टाकलेलं समदं काढून टाका."

चार मिनिटांत पान साफ झालं. उरले मंदारचे पाच तारे आणि मावशीचे तीन.

आठला पाच मिनिटं असताना श्रीधरपंत जिना चढून आले, चष्मा लावला, पान उघडलं. "एकही नाही?"

"होते, बाबा."

"मग गेले कुठं?"

सांगायची सोय नव्हती. "नंतर टाकतील," तो पुटपुटला.

पण नंतरही टाकता येईनात. सोमवारी त्यानं भीत भीत सारजाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कसली सहल? आमी तर देवदर्शनाला गेलतो." आणि हळूच, "जन्मभर इसरणार नाय बरं का, पर आमी देवदर्शनालाच गेलतो." हे बोलणं बिडकीनच्या कारखान्याच्या दारातून झालं. मंदारच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

मंगळवारी सकाळी श्रीधरपंतांनी वर्तमानपत्र उघडलं. आतल्या पानावर बातमी होती : सभापतिपदासाठी एकाच गटात दोन दावेदार, पेच अखेर तडजोडीने सुटला, सारजाबाईंची एकमताने निवड. सोबत फोटो. अंगावर गुलाल, गळ्यात पाच-सहा हार आणि हारांमधून डोकावणारी पिवळी शिट्टी.

"या बाईंच्या गळ्यात शिट्टी कशाला रे?" श्रीधरपंत म्हणाले.

"मला काय माहीत?" मंदार बुटांची नाडी बांधत म्हणाला. कारखान्याची बस साडेआठला चौकातून सुटायची. "राजकारणाचा आपल्या धंद्याशी काही संबंध नाही, बाबा."

श्रीधरपंतांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं.

"कुठल्या धंद्याशी?"