रत्नव्वाचे वीस चिंचोके

कोल्हापुरात खरा गुप्तहेर एकच, असं सोमशेखर स्वतःच सांगत, आणि दुसरा कुणी पुढं आलेला नसल्यामुळं ते खोटं आहे असंही म्हणता येत नसे. त्यांच्या मते त्यांची नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगीचं आणि स्मरणशक्ती हत्तीची होती. एवढी जनावरं एका देहात दाटीवाटीनं राहिल्यावर मूळ माणूस बसतो कुठं, असा प्रश्न जोतीरामला अधूनमधून पडे. पण तो विचारण्यातला नव्हता. गिरणी बंद पडल्यावर पंचेचाळिशीत त्याला नोकरी दिली होती ती सोमशेखरांनीच.

नोकरी म्हणजे गंगावेशीजवळचा एसटीडी बूथ सांभाळायची. लोक फोन करून जात, जोतीराम वहीत नंबर लिही, वेळ लिही, मिनिटं लिही. बूथच्या पिवळ्या पाटीखाली दुसरी पाटी होती: 'येथे सर्व प्रकारची रहस्ये खात्रीशीर उलगडून मिळतील.' तीन वर्षांत त्या पाटीमुळं दोन गिऱ्हाइकं आली होती. एकाचं हरवलेलं घड्याळ त्याच्याच मनगटावर निघालं. दुसरा पत्ता विचारायला आला होता.

तिसरा आला तो बाळासो गवळी, अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीच्या आधी बारा दिवस.

बाळासो आडदांड गडी, पण बूथच्या स्टुलावर बसला तो पोत्यासारखा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. पाडव्याला गवळी गल्लीतल्या म्हशी सजवून मिरवायला काढतात. शिंगांना रंग, कपाळाला मोरपीस, गळ्यात कवड्यांची माळ, पुढं हलगी. तीसेक म्हशी, आणि सगळ्यांत पुढं कुणाची म्हैस चालायची यावरनं पूर्वी डोकी फुटत. म्हणून वडीलधाऱ्यांनी तोड काढली होती: ज्या घरांना मान हवा त्यांनी चिंचोके खेळायचे. वीस चिंचोके मांडायचे, आळीपाळीनं उचलायचे. एका वेळेला एक घ्या, दोन घ्या, नाहीतर तीन. शेवटचा चिंचोका ज्याच्या हातात, त्याची म्हैस पुढं.

"नऊ वर्सं झाली," बाळासो म्हणाला. "नऊ वर्सं रत्नव्वाच जिंकती. सत्तरीची बाई, चष्म्याला दोरा बांधलेला. बाकीच्यांनी खेळायचंच सोडलं. मी एकटाच जातोय आन् हरून येतोय."

सोमशेखरांनी डोळे मिटले. म्हणाले, "यंदाच का आलात?"

हा प्रश्न त्यांना चुकून बरोबर पडला असावा, कारण बाळासोनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यानं चंद्रीचं सांगितलं. चंद्री त्याच्या वडलांनी आणलेली म्हैस. वीस वर्षांची झाली. दूध कधीच आटलं, दात गेले, आता पेंड भिजवून चारावी लागते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, हा पाडवा ती चालेल, पुढच्याचं सांगता येत नाही. वडील जाताना म्हणाले होते, एकदा हिला पुढं चालव रं.

"एवढंच करायचं ऱ्हायलंय बगा, सायेब."

जोतीरामनं वहीवर उगाच पेन फिरवला. सोमशेखरांनी मात्र जागच्या जागी निकाल दिला की हा सरळसरळ फसवणुकीचा प्रकार आहे, आणि फी म्हणून रोज लिटरभर धारोष्ण दूध ठरवून घेतलं.

रत्नव्वाच्या घरी तपासाला जाणं सोपं होतं. कुणीही ओसरीवर आलं की म्हातारी गूळ-पाणी देई, चिंचोक्यांची पुरचुंडी सोडी आणि म्हणे, "ये तम्मा, बस. पावणा तू, पयलं तू उचल." सोमशेखर पहिल्या संध्याकाळी चार डाव हरले. दुसऱ्या संध्याकाळी सहा. तिसऱ्या दिवशी त्यांनी तपास म्हणून खेळणं थांबवलं आणि इरेला पेटून खेळायला सुरुवात केली, तेव्हा नऊ हरले. जोतीरामला हुकूम होता की म्हातारीच्या चेहऱ्यावरचे भाव टिपायचे. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर भाव असे काही येतच नव्हते, ती आपली जानवशात उतरलेल्या वऱ्हाडणीसारखी निवांत बसलेली असे. हात रिकामा राहीना म्हणून जोतीरामनं बूथवरच्या सवयीनं आकडेच लिहून काढले: साहेब तीन, म्हातारी एक. साहेब दोन, म्हातारी दोन.

पहिला संशय चिंचोक्यांवर गेला. ते आतून पोखरून शिसं भरलेले असणार. सोमशेखरांनी एक चिंचोका हातचलाखीनं लांबवला आणि पुराव्याची चाचणी म्हणून दाढेखाली धरला. चिंचोका निर्दोष सुटला. दाढ दोन दिवस ठणकत होती.

दुसरा संशय दारात बांधलेल्या म्हशीवर. ती शेपटीनं खुणा करते, एकदा हलवली तर एक उचल, दोनदा तर दोन. बाळासोनं सांगून बघितलं की शेपटी माशांसाठी हलत असते. सोमशेखर म्हणाले, माशा हे निमित्त झालं. म्हैस नदीवर गेलेली बघून ते पुन्हा खेळायला बसले आणि जरा जास्तच लवकर हरले.

तिसरा धागा मात्र त्यांना सोन्यासारखा वाटला. म्हातारी आपला हात खेळली की दर वेळी काहीतरी पुटपुटे. सोमशेखर मुरगूडचे, घरात आजीपर्यंत कानडी, त्यामुळं हा कानडी मंत्र असणार हे त्यांनी आधी ताडलं आणि नंतर कान दिला. ती बायकांची नावं घेत होती. हरणी, रूपी, काशी, सोनी, गंगी. प्रत्येक डावात तीच पाच, त्याच क्रमानं.

"टोळी आहे, जोतीराम," ते बूथमध्ये शिरून दार लावून म्हणाले. "पाच बायका. म्हातारी नुसती मोहरा."

"मग त्या दिसत का न्हाईत, साहेब?"

"दिसल्या असत्या तर टोळी कसली?"

पुढचे चार दिवस दोघंही या टोळीच्या मागावर होते. एक काशी हुपरीला चांदीच्या पैंजणांना घुंगरं लावताना सापडली, तिनं यांना गिऱ्हाईक समजून चहा पाजला. एक सोनी पाच महिन्यांची होती. यातलं बाळासोला काही सांगावं, असं जोतीरामनं दोनदा सुचवलं. पण तपास पुरा होईपर्यंत पक्षकाराला अंधारात ठेवायचं, हा सोमशेखरांचा नियम होता, आणि तपासात ते स्वतःही अंधारात असल्यामुळं तो पाळायला जड जात नसे.

पाडवा पाच दिवसांवर आला. बाळासोच्या गोठ्यात बैठक बसली. चंद्री कोपऱ्यात उभी होती, शिंगांना आधीच तांबडा हिंगूळ लावलेला. बाळासो तिच्या पाठीवर हात ठेवून होता. सोमशेखरांनी जाहीर केलं की प्रकरण आंतरराज्य आहे, सीमेपलीकडं चौकशी करावी लागेल, तीन महिने धरा.

"तीन म्हैनं," बाळासो एवढंच म्हणाला आणि चंद्रीकडं बघत राहिला.

जोतीरामला ते बघवेना. काहीतरी काम दाखवावं म्हणून त्यानं वही उघडली आणि एक डाव मोठ्यानं वाचायला लागला. साहेब तीन, म्हातारी एक, पुटपुटली हरणी. साहेब एक, म्हातारी तीन, पुटपुटली रूपी. साहेब दोन, म्हातारी दोन, पुटपुटली काशी.

पलीकडं तानाबाई, बाळासोची बायको, दुसऱ्या म्हशीची धार काढत होती. तिचा हात थांबला.

"ह्या तर म्हातारीच्या म्हशी," ती म्हणाली.

जोतीरामनं वहीचं पान तिच्याकडं वळवलं.

"तिच्या पयल्या पाच म्हशी व्हत्या त्या. सासूबाई सांगायच्या." तानाबाईनं चरवी बाजूला ठेवली. "आन् तीन नि एक किती झालं? एक नि तीन? दोन नि दोन?"

"चार," जोतीराम म्हणाला.

"म्हशीला सडं किती?"

बाळासोनं वळून म्हशीखाली बघितलं. म्हैस सजवणं, पळवणं आणि चारचौघांत तिची तारीफ करणं ही कामं त्याची. धारेला तो जन्मात कधी बसला नव्हता.

मग तानाबाईनं भाकरीचं पीठ मळावं इतक्या सहज सगळं उलगडून दिलं. वीस चिंचोके म्हणजे पाच म्हशींची वीस सडं. तुम्ही तीन पिळलीत, तर राहिलेलं एक म्हातारी पिळते. तुम्ही एक, तर ती तीन. म्हैस पुरी झाली की तिचं नाव घेते आणि पुढची तुमच्या पुढ्यात येते. तुम्हाला एकट्याला चारी सडं एकदम पिळता येत नाहीत, तीनच्या वर घ्यायचंच नाही. म्हणून तुमच्याकडनं म्हैस कायम अर्धी राहणार आणि पुरी करणार म्हातारी. पाचवीसुद्धा. "जो आधी बसंल तो हरंल. ह्यात डोस्कं ते काय?"

"मग दर वर्सी मीच का आदी बसतोय?" बाळासो म्हणाला.

"पावणं म्हणून जाताय की तिच्या दारात."

सोमशेखर खाकरले आणि म्हणाले की त्यांचा चौथा संशय नेमका हाच होता, फक्त तो मांडायची वेळ आली नव्हती.

उपाय उघड होता. वसुबारसेला बाळासोनं रत्नव्वाला फराळाला बोलावलं आणि म्हणाला, यंदाचा डाव आमच्या घरी. म्हातारी काठी टेकत आली, करंजी खाल्ली, जाजमावर बसली. मांडणी करायचा मान सोमशेखरांनी स्वतःकडं घेतला आणि ते बाळासोच्या कानात पुटपुटले, "विसाचा अहेर तरी कुणी करतं का? शुभकार्य आहे, वर एक ठेवलाय."

ते जोतीरामनं ऐकलं आणि मनात हिशेब केला. एकवीस. म्हातारी पहिलाच एक उचलणार, आणि वीस चिंचोक्यांपुढं आधी बसलेला राहणार बाळासो. चंद्रीचा शेवटचा पाडवा त्या एका शुभ चिंचोक्यावर जाणार होता. त्यानं जाजमाची सुरकुती काढायचं निमित्त केलं आणि वरचा चिंचोका उचलला. सदऱ्याला खिसा नव्हता. त्यानं तो तोंडात टाकला.

"पावणं तुमी, अव्वा," बाळासो म्हणाला. "पयलं तुमी."

रत्नव्वानं दोऱ्याचा चष्मा सरळ केला. चिंचोके मोजले, बाळासोकडं बघितलं, मग दारात उभ्या तानाबाईकडं बघितलं. घरच्यानं म्हटल्यावर पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं. तिनं दोन उचलले.

बाळासोचा हात सवयीनं तीनवर गेला. तानाबाई खोकली. हात मागं आला आणि दोन घेतले. म्हातारीनं एक घेतला, त्यानं तीन. तिनं तीन, त्यानं एक. मधेच सोमशेखरांनी विचारलं, "काय जोतीराम, माझी मांडणी?" जोतीरामनं तोंड न उघडता मान हलवली. शेवटी चार उरले. म्हातारीनं एक उचलला आणि हात मांडीवर ठेवला.

"गंगी तुजी," ती म्हणाली. "पीळ आता."

बाळासोनं तीन चिंचोके मुठीत धरले आणि मूठ बराच वेळ सोडली नाही.

पाडव्याला सकाळी गल्ली भरून गेली. सगळ्यांत पुढं चंद्री, कवड्यांची माळ, कपाळाला मोरपीस, पाठीवर तेल चमकतंय. हलगी कडाडली. मागच्या तीस म्हशी पुढं सरकल्या. चंद्री जागची हलली नाही.

बाळासोनं चुचकारलं, कासरा ओढला, गुळाचा खडा दाखवला. ती नुसती उभी. सोमशेखरांनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं की विषप्रयोग झालाय. तेवढ्यात तानाबाई गर्दीतनं पुढं आली.

"जल्मभर कुणाच्या तरी मागनं चालली ती. म्होरं कोण न्हाय तर जाईल कुणीकडं?"

बाळासो रस्त्याकडं बघत राहिला. रस्ता रिकामा होता.

तेव्हा रत्नव्वानं आपल्या म्हशीचा कासरा नातवाच्या हातात दिला. काठी टेकत चंद्रीच्या पुढं गेली, पदर खोचला आणि मागं न बघता चालायला लागली. चार पावलं गेली असेल. चंद्रीनं मान खाली घातली, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. बाळासो तिच्या शेजारनं निघाला, एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्या हातानं डोळे पुसत, आणि मागनं हलगी पुन्हा सुरू झाली.

सोमशेखर धावत त्याच्या बरोबरीला आले. म्हणाले, "बारकाईनं बघाल, तर यंदाही पुढं रत्नव्वाच आहे."

"असू दे की," बाळासो म्हणाला. "म्हशींत तर हीच हाय."