आठशे मीटर आणि काळीपिवळी

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी माझ्याइतकी शास्त्रशुद्ध अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कुणी करून घेतली नसेल, हे मी आजही छातीठोक सांगतो. मी स्वतः कधी पळालेलो नाही, ही गोष्ट वेगळी. मी लोहाऱ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. राज्य तरी कुठं केलंय?

तयारी माझ्या भाचीची, संघप्रियाची. गेल्या भरतीत ती दोन गुणांनी राहिली, आणि ते दोन्ही गुण आठशे मीटर पळताना रस्त्यातच सांडले होते. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती. तिला तीन मिनिटांच्या आत यायचं होतं आणि ती यायची तीन-वीसला. तिचे वडील, राजपालदाजी, एक दिवस म्हणाले, “सर, आता तुमीच बघा.” एरवी मला नावानं हाक मारणारे दाजी सर म्हणाले, त्याच क्षणी मी कोच झालो.

मोटारसायकलच्या काट्यावर मी गावाबाहेरच्या सबस्टेशनपासून लोहाऱ्याच्या रस्त्यावरल्या पुलापर्यंत आठशे मीटर मोजले. भिंतीवर तक्ता लावला: मोड आलेले हरभरे किती, खजूर किती, श्वास नाकानं कधी आणि तोंडानं कधी. रोज पहाटे सहाला संघप्रिया सबस्टेशनपाशी उभी राहायची आणि मिस कॉल द्यायची. मी पुलाच्या कठड्यावर बसून मोबाईलमधलं घड्याळ सुरू करायचो. मधे बाभळीचं वळण असल्यामुळं ती दिसायची नाही. पण खरा कोच शिष्याकडं बघत नाही, आकड्याकडं बघतो.

आकडा घसरू लागला! तीन-वीस, तीन-दहा, तीन-दोन. दुसऱ्या महिन्यात दोन-छप्पन्न! मी स्टाफरूममध्ये हरभऱ्यावर व्याख्यान दिलं. मराठीच्या ज्ञानोबा सरांनी तक्त्याची झेरॉक्स मागितली. त्यांना फक्त जिना चढायचा होता.

मग एका सोमवारी ती आली तीन-अठराला. मंगळवारी तीन-एकोणीस. मी हरभरे बदलले, दुकानदाराशी भांडलो. बुधवारी पोरगी कठड्यावर माझ्याशेजारी बसली आणि खाली मान घालून म्हणाली, “मामा, हरभऱ्याचं काय न्हाय. बसप्पाकाकांच्या गाडीचा क्लच गेलाय.”

क्लचचा आणि पोरीच्या पायांचा संबंध मला तिनंच उलगडून सांगितला. आमच्या भागात विनाकारण कुणी पळत नाही. लोहाऱ्याच्या रस्त्यावर पळणारा माणूस म्हणजे गाडी चुकलेला माणूस, आणि त्याला न घेता पुढं जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. बसप्पाची काळीपिवळी जीप रोज सहालाच सुटायची. पुढं पोरगी पळताना दिसली की बसप्पा हॉर्न दाबायचा, आतले सोळाजण सरकून जागा करायचे, आणि दाराशी बसलेल्या सत्यभामाआज्जी हात बाहेर काढून तिचा दंड धरू बघायच्या.

“भरतीचं पळतीया म्हणून सांगितलं न्हाईस का गं त्यांना?”

“रोज सांगते. आज्जी म्हणतेत, भरतीला जायचं तर चालत कशाला, ये मांडीवर बस. दोनदा आत ओढलं मला, मामा. थांबलं की बसवतेत. म्हणून मी थांबतच न्हाय.”

म्हणजे दोन-छप्पन्न हा हरभऱ्याचा नव्हे, आज्जींच्या हाताचा आकडा होता. आणि धाराशिवच्या मैदानावर जीप नव्हती! पोरीची शेवटची भरती आणि मागं लागणारं कुणी नाही. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी मी बसप्पाला गाठलं. क्लच नवा टाकायचा, चाचणीच्या दिवशी मैदानाच्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावर गाडी उभी करायची आणि मुली पळायला लागल्या की हॉर्न दाबून धरायचा, असं ठरलं. संघप्रियाला यातलं काही सांगितलं नाही. शिष्याच्या मनावर ताण नको.

ती दाजींबरोबर आदल्या दिवशीच धाराशिवला गेली. मी बसप्पाबरोबर पहाटे निघालो. पण रिकामी गाडी नेणं बसप्पाच्या रक्तातच नाही. त्यानं वाटेत प्रत्येक हात केलेला माणूस उचलला. सत्यभामाआज्जी डोळे तपासायला म्हणून आधीच येऊन बसल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. भिंतीपलीकडं शिट्टी झाली, धपाधपा पावलं वाजली, मी इशारा केला आणि बसप्पानं हॉर्नवर कोपर ठेवलं.

पुढं काय झालं ते मला चौकीत कळलं. मागून हॉर्न आला की आपण काय करतो? कडेला होतो. पळणाऱ्या दहापैकी सहा मुली शिस्तीत ट्रॅकच्या कडेला होऊन थांबल्या. सगळ्यांना पुन्हा पळवावं लागलं. जीप आत घेतली, बसप्पाला दंड केला आणि मला हवालदारांच्या टेबलासमोर बसवलं. मी सांगितलं की मी कोच आहे. हवालदारांनी माझ्या पोटाकडं शांतपणे पाहिलं आणि उमेदवाराला बोलावून घेतलं.

संघप्रिया आली ती छातीवरचा नंबर काढतच. तिच्या तुकडीचं साडेसहालाच पळून झालं होतं. मी घाबरत वेळ विचारली.

“दोन-एक्कावन्न.”

“जीप मागं नसताना? कसं काय?”

“मागची पोरगी सारखी माझ्या दंडापाशी येत होती, मामा. मला वाटलं आज्जीच हायेत.”

हवालदारांनी पेन उघडलं. “हे तुमचे कोच हायेत म्हणतेत. खरंय का?”

संघप्रियानं माझ्याकडं पाहिलं, मग दारात पाणी पीत उभ्या असलेल्या सत्यभामाआज्जींकडं.

“न्हाय साहेब. हे मामा हायेत. कोच त्या.”

हवालदार उठले आणि त्यांनी आदरानं आज्जींना खुर्ची दिली. चौकीत पाहुण्यांसाठी खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर मी बसलो होतो.